नोकरी सांभाळून चित्रं काढणाऱ्याने कोल्हापुरातल्या कलासंस्थेचं सभासद व्हावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बँकेत आहात, जी. डी. आर्ट हा चित्रकलेचा डिप्लोमा वगैरे काही केलेलं नाही, घरी जलरंगात चित्रं काढता. कोल्हापुरातल्या एखाद्या कलासंस्थेत गेलात तर तिथले व्यावसायिक चित्रकार दारात तरी उभं करतील का, आणि वर्गणी भरून नेमकं मिळणार काय?

जरूर व्हा सभासद. मी शाळेत चित्रकला शिकवतो, रविवारी बोर्ड घेऊन लँडस्केपला जातो. मला जलरंग जेवढे येतात, त्यातला मोठा वाटा कॉलेज सुटल्यावर अशाच मंडळींच्या शेजारी बसून आलेला आहे.

डिप्लोमा नाही याचा संकोच निदान या गावात तरी बाळगू नका. याच गावचे चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर कुठल्याही कलाशाळेत गेले नव्हते. आनंदराव पेंटरांच्या जोडीने नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांचा हात तयार झाला, आणि पुढे त्याच हातांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. चंद्रकांत मांडरे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते सिनेमातले नट म्हणून. पण राजारामपुरीतलं त्यांचं कलासंग्रहालय एकदा सवडीने बघा, म्हणजे हा माणूस आयुष्यभर चित्रकारही होता हे कळेल. हौशी कुठे संपला आणि व्यावसायिक कुठे सुरू झाला, ही रेघ इथे कधीच फार ठळक नव्हती.

आता मिळतं काय. प्रदर्शन, सर्टिफिकेट, पेपरात नाव हे सगळं मिळतं, पण माझ्या मते ते दुय्यम. खरी कमाई म्हणजे जाणत्या माणसाला प्रत्यक्ष काम करताना बघणं. रंगबहार संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ टाऊन हॉलच्या बागेत भरते, ती चुकवू नका. एकीकडे गाणं चाललेलं असतं आणि झाडांखाली चित्रकार, शिल्पकार सगळ्यांसमोर काम करत असतात. मागे एकदा मी एका जलरंगातल्या पोर्ट्रेटसमोर शेवटपर्यंत उभा होतो. मॉडेल म्हणून फेटा बांधलेले एक आजोबा बसले होते. चित्रकाराने फेट्याच्या उजेडाकडच्या बाजूला ब्रश लावलाच नाही, कागद तसाच कोरा ठेवला. सावलीच्या बाजूला फिका निळसर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, दिला, तो ओला असतानाच कानाजवळ तपकिरी रंग सोडला आणि बोर्ड जरासा तिरका केला. रंग आपणहून गालाकडे उतरला. डोळे रंगवायला घेतले ते सर्वांत शेवटी. हे पुस्तकात वाचून कळत नाही. पाणी किती आणि थांबायचं कधी, हे बघूनच उमगतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या चित्रावर कुणीतरी खरं बोलणं. घरचे ‘छान’ म्हणतात, मोबाईलवर अंगठे येतात. शेजारी बसलेला मुरलेला चित्रकार मात्र सरळ सांगतो, की घाटाच्या पायऱ्या सगळ्या सारख्याच गडद झाल्यात, पाण्याजवळच्या जरा सोडून द्यायला हव्या होत्या. असं एक वाक्य वर्षभर पुरतं.

राहिला तुम्हाला दारात उभं करण्याचा प्रश्न. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून आले आणि त्यांना शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. 1922 साली महाराज गेले, आणि त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली, असं इथे आजही सांगतात. दरबार गेल्यावर चित्रकाराला सांभाळायचं कुणी? संस्था काढून लोकांनीच ते अंगावर घेतलं. त्यात तुमच्यासारख्यांचा वाटा फार मोठा असतो. वर्गणी तुम्ही भरता, प्रदर्शनाला घरच्यांना घेऊन येता, एखादं छोटं चित्र विकत घेता, आणि हिशेब लिहायला बँकेतला माणूस मिळाला तर कुठलीही संस्था त्याला सोडणार नाही! व्यावसायिकांना हे पक्कं माहीत असतं. एखाददुसरा ताठ भेटेलही, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

पैसे भरण्याआधी काही गोष्टी मात्र विचारून घ्या. संस्था नोंदणीकृत आहे का, वार्षिक सभा होते का, हिशेब सभासदांसमोर ठेवतात का. प्रदर्शनात नवोदितांना जागा असते, की तीच ती नावं दरवर्षी भिंतीवर दिसतात. चित्र विकलं गेलं तर संस्था किती टक्के ठेवते, फ्रेमचा खर्च कुणाचा. शाहू स्मारकच्या कलादालनात एकट्याने प्रदर्शन भरवायचं तर भाडं, फ्रेमिंग, पत्रिका असं सगळं अंगावर येतं. सामूहिक प्रदर्शनात ते वाटलं जातं, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आणि नुसतं चित्र देऊन मोकळे होऊ नका. मांडणीच्या आदल्या दिवशी हातोडी, दोरी घेऊन हजर राहा. कुठलं चित्र कशाशेजारी लावायचं, यावर तिथे जो वाद रंगतो तो ऐकण्यासारखा असतो.

सभासद व्हायचं अजून ठरत नसेल तर येत्या रविवारी सकाळी लवकर पंचगंगा घाटावर जा. कुणी बोर्ड घेऊन बसलेलं दिसलं तर उजेड अडणार नाही असं मागे उभं राहा, पहिला वॉश वाळेपर्यंत बोलू नका. मग विचारा, तुम्ही सगळे केव्हा जमता म्हणून. जाताना तुमची स्केचबुक बरोबर असू द्या, पहिल्यांदा तीच मागतील.