पाच रिपोर्ट म्हणजे पाच साक्षीदार नव्हेत

प्रश्न : ताई, पक्ष्यांच्या फोटोंच्या एका ऑनलाइन ग्रुपवर आम्ही तिघं मॉडरेटर आहोत. सध्या एका जुन्या सदस्याच्या जवळपास प्रत्येक पोस्टवर रिपोर्ट पडताहेत. कारण कधी ‘स्पॅम’, कधी ‘छळ’. पाच रिपोर्ट झाले की पोस्ट आपोआप लपते. तो म्हणतो, माझ्याविरुद्ध कंपूबाजी चालली आहे. माझे सहकारी म्हणतात, आगीशिवाय धूर निघत नाही. नियम म्हणाल तर आमचा एकच आहे, ‘सभ्यता पाळा’. कुणाचं ऐकू?
– अ. म.

उत्तर : धूर करायला आगच लागते असं नाही हो, पाच मोबाइल पुरतात. तेव्हा आधी ती पाचाची सेटिंग बंद करा. ती चालू आहे तोवर ग्रुप तुम्ही चालवत नाही, ज्याच्या हाताशी पाच आयडी आहेत तो चालवतो. त्यातले डुआयडी, म्हणजे एकाच माणसाने काढलेली डुप्लिकेट खाती, किती, हा पुढचा प्रश्न.

मग रिपोर्टचा आकडा झाकून पोस्ट वाचा. मी एका मोठ्या शब्दकोड्यांच्या समूहाची मॉडरेटर होते, तेव्हापासून माझी हीच पद्धत. आकडा आधी दिसला की साधं ‘बरं’सुद्धा खवचट वाटायला लागतं. तुमच्या सदस्याने खंड्याचा फोटो टाकला, खाली ना लिंक, ना विक्रीची जाहिरात, आणि त्यावर ‘स्पॅम’चे पाच रिपोर्ट. म्हणजे कारण पोस्टला चिकटतच नाही. पोस्ट ठेवा, विषय संपला.

पोस्टचा निकाल लागला की रिपोर्टांकडे वळा. वेळा बघा. समजा, रात्री बारा ते सव्वाबाराच्या आत तीन वर्षांपूर्वीच्या पोस्टपर्यंत ओळीने रिपोर्ट पडलेत. याचा अर्थ कुणीतरी त्याचं प्रोफाइल उघडून खाली खाली सरकत बटन दाबत गेलंय. एखाद्या प्रतिसादाने दुखावलेला माणूस सहसा त्याच प्रतिसादापाशी थांबतो. पण घाई करू नका. एखाद्या बाईला कुणी महिनोन् महिने छळत असेल आणि एका रात्री तिने सगळं एकदम रिपोर्ट केलं, तर रांग अगदी अशीच दिसते. फरक वेळांत सापडत नाही, पोस्ट वाचल्यावरच सापडतो. म्हणून आधी पोस्ट, मग रिपोर्ट. हा क्रम उलटा झाला की तुमच्या सहकाऱ्यांसारखं धूर-आग सुरू होतं.

चुकीचा रिपोर्ट वेगळा आणि खोटा वेगळा, हेही ध्यानात असू द्या. नव्या सदस्याला नियमच माहीत नसतो. तो चुकतो, त्याला समजावून सांगायचं. खोटा रिपोर्ट करणाऱ्याला नियम पाठ असतो. युरोपीय संघाच्या डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टच्या कलम 23 मध्ये यासाठी चांगलं मोजमाप दिलंय. उघडउघड निराधार तक्रारी वारंवार करणाऱ्याला आधी ताकीद द्यायची, मग काही काळ त्याच्या तक्रारी विचारात घ्यायच्या नाहीत. ठरवताना नुसती संख्या बघायची नाही; एकूण तक्रारींतल्या निराधार किती, गैरवापर किती गंभीर आणि कळत असेल तर हेतू काय, हेही बघायचं. हे कलम मंच चालवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, तुमच्या ग्रुपला लागू नाही, पण हिशेब उचलण्याजोगा आहे. पन्नासातले चार रिपोर्ट फुसके निघाले तर तो तुमचा जागरूक सदस्य. चाळीस निघाले तर ताकीद द्या.

रिपोर्ट कुणी केला हे तुम्हाला दिसतं की नाही, ते मंचावर अवलंबून. रेडिटवर मॉडरेटरला नाव दिसत नाही. मात्र बटनाचा गैरवापर होतोय अशी तक्रार कंपनीकडे करता येते, आणि तपासून ठेवलेल्या पोस्टवरचे पुढचे रिपोर्ट दुर्लक्षित करता येतात. तुमच्याकडे नावं दिसत असली तरी त्या सदस्याला सांगू नका, त्याने कितीही गळ घातली तरी. एकदा नाव फुटलं की खरा त्रास होणारी माणसं रिपोर्ट करणं सोडतात, कंपू मात्र सोडत नाही.

राहता राहिला तुमचा नियम. ‘सभ्यता पाळा’ ही सुविचाराच्या फळ्यावरची ओळ झाली. तिच्या आधारे कुणाचंही काहीही रिपोर्ट करता येतं, आणि मग भांडण पोस्टवर न राहता ‘सभ्य म्हणजे काय’ यावर येतं. त्याऐवजी लिहा : ‘फोटोवर टीका चालेल. फोटो काढणाऱ्याच्या दिसण्यावर, घरच्यांवर, भाषेवर टिप्पणी केल्यास प्रतिसाद काढला जाईल.’ त्याखाली दुसरी ओळ : ‘जाणूनबुजून खोटे रिपोर्ट करणं हाही नियमभंग आहे.’ ही दुसरी ओळ बऱ्याच ठिकाणी नसते, आणि मग कारवाई करायची म्हटली तर कशाच्या आधारे, असा पेच पडतो.

प्रश्न : माझा लेख खोट्या रिपोर्टमुळे उडवला गेला. रिपोर्ट कुणी मारला ते मला पक्कं ठाऊक आहे. मीही त्याचे लेख रिपोर्ट केले तर बिघडलं कुठे?
– र.

उत्तर : बिघडेल तुमचंच. विकिपीडियाच्या संपादकांत याला ‘बूमरँग’ म्हणतात : तक्रार घेऊन गेलात की तुमचं वागणंही तपासलं जातं. मॉडरेटरला सरळ विचारा, कोणता नियम मोडला आणि कोणत्या वाक्याने? ऑनलाइन मंचांनी मजकूर काढताना काय पाळावं हे सांगणाऱ्या 2018 च्या सांता क्लारा तत्त्वांत हे दोन हक्क मांडले आहेत, मजकूर काढल्याचं कारण कळणं आणि अपील करता येणं. अपिलात त्या माणसाचा उल्लेखही नको. पक्कं ठाऊक असलं तरी नको. लेख नियमात बसतो, एवढंच दाखवा.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला रिपोर्ट केलं तर त्याला कळतं का?
– एक वाचक

उत्तर : कंपनी त्याला कळवत नाही. पण त्याने तुम्हाला पाठवलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. त्यामुळे शिवी दिल्यावर त्याने दहा ‘गुड मॉर्निंग’ पाठवेपर्यंत थांबू नका, लगेच रिपोर्ट करा. स्क्रीनशॉट त्याआधी काढून ठेवा.