प्राण्यांना कळत कसं नाही?

प्रश्न : जॉर्ज ऑर्वेलचं 'अ‍ॅनिमल फार्म' वाचलं; मालकाला हाकलून प्राणीच शेत चालवतात, पण सत्ता डुकरांच्या हाती जाते. डुकरांचा प्रवक्ता स्क्वीलर एवढं धडधडीत खोटं बोलतो, तरी प्राणी गप्प! हे पटत नाही. – एक वाचक, डिचोली

उत्तर : मलाही विशीत पटलं नव्हतं. मग क्लोव्हर घोडीकडे नीट पाहिलं. डुकरं बिछान्यात झोपतात हे ऐकून ती भिंतीवर लिहिलेल्या प्राण्यांच्या सात आज्ञांपैकी चौथी पाहायला जाते. तिला अक्षरं ओळखता येतात, वाक्य जुळवता येत नाही. म्युरिअल शेळी वाचून दाखवते : बिछान्यात झोपू नये, 'चादरी घालून'. चादरींचं तिला आठवत नाही; पण भिंतीवर आहे म्हणजे असणारच! खोटं तिथे मुरतं, भाषणात नव्हे. शिधा कमी झाला की स्क्वीलर 'कपात' म्हणत नाही, 'फेरजुळणी' म्हणतो.

आपल्या गोंयकारांना हे नवं नाही हो. पुस्तक 1945चं. 1951मध्ये हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालने राज्यघटनेतला 'वसाहत' शब्द काढला आणि गोवा 'सागरपारचा प्रांत' झाला. 1955मध्ये संयुक्त राष्ट्रांत शिरल्यावर त्यांचा युक्तिवाद तयार : आमच्याकडे वसाहतीच नाहीत, मग त्यांच्याबद्दलचा अहवाल कसला देऊ? 1960मध्ये आमसभेने गोव्याचं नाव घेऊन तो फेटाळला.

माझी आजी पेडण्याची, निरक्षर. प्रांत झाल्याचं तिला कुणी सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं म्हणे, "मग नाक्यावरचो पाखलो (पोर्तुगीज शिपाई) गेलो?"

क्लोव्हरपेक्षा तिचं बरं होतं. तिला कुणी भिंत वाचून दाखवली नव्हती.