‘कातालोग रेझोने’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: एखाद्या चित्रकाराच्या सगळ्या कामाची टिपांसह केलेली सूची, जिला फ्रेंचमध्ये ‘कातालोग रेझोने’ म्हणतात, तिला ‘सटीक सूची’ म्हणता येईल का?

म्हणू नये. ‘सटीक’ म्हणजे टीकेसह, हे बरोबरच. पण हिंदीच्या वळणाने आज पुष्कळ वाचक तो शब्द ‘अचूक’ या अर्थी घेतात. ‘सटीप’ म्हटले की हा घोटाळा टळतो. तरीही तो शब्द इथे अपुरा पडतो. सटीप ग्रंथसूचीत प्रत्येक पुस्तकाखाली आशयावर दोनचार ओळी असतात, आणि सूचीकार हवी ती पुस्तके निवडू शकतो. कातालोग रेझोनेत निवड चालत नाही. त्या कलावंताचे ज्ञात असलेले सगळे काम त्यात यायला हवे. जेर्सँ या फ्रेंच कलाव्यापाऱ्याने तयार केलेली डच चित्रकार रेम्ब्रांटच्या कोरीवचित्रांची सूची 1751 साली निघाली, तिच्या नावातच ‘सर्व’ हा शब्द आहे.

‘रेझोने’चा ‘तर्कशुद्ध’ हा शब्दशः अनुवादही फसवा आहे. इथे अर्थ आहे कारणे देऊन केलेली. हे चित्र याच हातचे का, याच वर्षाचे का, हे सूचीकाराने नोंदीतच सांगायचे असते. म्हणून मला ‘समग्र विवेचक सूची’ योग्य वाटते. नुसते ‘सूची’ मात्र पुरत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तीही सूचीच.

नोंदीत शीर्षक, साल, माध्यम, मापे (आधी उंची, मग रुंदी, चौकट सोडून), सही कुठे आहे, आजवरचे मालक, प्रदर्शने आणि पूर्वीचे उल्लेख येतात. चौकटीसह घेतलेले माप सर्वात घातक, कारण त्यामुळे एकाच चित्राच्या दोन नोंदी होऊ शकतात. शंकास्पद कामे गाळू नयेत, वेगळ्या विभागात कारणांसह द्यावीत. नोंदक्रमांक कालक्रमाशी बांधू नये: सूचीकार क्योखेलने 1862 साली संगीतकार मोत्सार्टच्या रचनांना कालक्रमाने आकडे दिले, पुढे तारखा बदलल्या, आणि 1964च्या आवृत्तीत 183चे ‘173डीबी’ झाले. त्यामुळे 2024च्या नव्या आवृत्तीपर्यंत दोन्ही आकडे सोबत लिहावे लागत.

हस्तलिखितांसाठी ‘वर्णनात्मक सूची’ हा रुळलेला शब्दच ठेवावा. तिथे पत्रसंख्या (पोथीची पाने किती), पानावरच्या ओळी, आदी-अंत (सुरुवातीचा व शेवटचा मजकूर) आणि पुष्पिका (पोथीच्या शेवटची समाप्तीची नोंद) नोंदवतात. म्हणजे वर्णन त्या एका प्रतीचे असते, कर्त्याच्या साऱ्या कामाचे नव्हे.