एका वेळी एकच बदल कर रे पोरा

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. तुझं रिमोटवरचं विमान दुसऱ्यांदा पडलं, डेमोला आठवडा राहिलाय, आणि आता ऑटोपायलटचा नवा बोर्ड घालू, पीआयडी (ऑटोपायलट किती जोरानं दुरुस्ती करतो ते आकडे) बदलू आणि थेट ऑटो मिशनच (ठरलेल्या वाटेनं आपोआप उडणं) लावू काय म्हणून विचारालास. नको. एका वेळी एकच बदल.

मॅन्युअलला, नुसत्या रिमोटवर, छान उडतं आणि एफबीडब्ल्यूए, म्हणजे ऑटोपायलट पंख सावरतो तो मोड, लावलं की उजवीकडं लोळतं, हे तूच लिहिलंयस, मग बोर्डाला कशाला दोष देतोस? प्रॉप (पुढचा पंखा) काढ, मोड एफबीडब्ल्यूए ठेव, विमान हातात धर आणि उजवा पंख खाली कर. उजवा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी, खाली यायला पाहिजे. वर गेला तर एलेरॉनचा चॅनल तू रिमोटमध्ये उलटा केलायस, ऑटोपायलटमध्ये करायचा होता. मॅन्युअलला स्टिक बरोबर चालते, पण ऑटोपायलट जी दुरुस्ती करतो ती उलटी पडते, पंख कलला की आणखी कलवतो.

आमचं अगदी असंच झालं. बेळगावात उद्यमबागच्या शेडमध्ये चौघांनी बनवलेलं विमान गर्लगुंजीच्या माळावर नेलं, सकाळी पडलं. घाईत सर्व्हो (एलेरॉन हलवणारी मोटर) बदलला, बॅटरी पुढं सरकवली, पीआयडीचे गेन कमी केले, तिन्ही एकदम. दुपारी परत पडलं. बाल्साच्या काड्या बांधावरनं गोळा करताना लॉगचं, म्हणजे उड्डाणाच्या नोंदीचं, कार्ड माझ्या खिशातच होतं रे! चार महिन्यांनी वाचलं, मागितलेला रोल, म्हणजे पंखांचा कल, ०, खरा रोल ६० अंशांच्या पुढं, आणि एलेरॉन त्याच बाजूला ढकलालाय. तोवर टीम फुटली होती.

पुढं नोकरीत मी हटून बसलो, एका उड्डाणामागं एकच बदल आणि तोही लॉग बघून. साहेब म्हणाले काम खोळंबवतोयस. सोडली नोकरी. घरचे अजून बोलतात, पण मी चुकलो नाही, माझ्या हातचं विमान त्यानंतर कारण न कळता पडलेलं नाही.

तू हुशार आहेस म्हणून राग येतो, समजलं काय? बोर्ड आहे तोच ठेव. आधी रिमोटमधला चॅनल सरळ कर, मग ऑटोपायलटमध्ये तो सर्व्हो उलटा कर, ही एकच दुरुस्ती, बाकी कशाला हात नाही. वारा उठायच्या आत, सकाळी सातला जा. सांबऱ्याच्या विमानतळापासून १२ किलोमीटरच्या आत असशील तर आधी ड्रोनच्या सरकारी नकाशावर झोन बघ, तिथं उडवायला परवानगी लागते काय, लांब असलास तरी ४०० फुटांच्या वर नाही. मॅन्युअलनं चढव, उंचीवर दोन सेकंद एफबीडब्ल्यूए, परत मॅन्युअल, उतरव. मग लॉग मला पाठव, दुसरं उड्डाण त्यानंतर.