फूड पँट्रीचे सामान आणि आपला रोजचा स्वयंपाक

आपण लिहिले आहे की नोकरी गेल्यापासून न्यू जर्सीतील आपले चौघांचे शाकाहारी कुटुंब फूड पँट्रीच्या, म्हणजे गरजूंना मोफत किराणा देणाऱ्या केंद्राच्या, सामानावर बरेचसे अवलंबून आहे, परंतु पिशवीतील निम्मे डबे कपाटात तसेच राहतात आणि इंडियन स्टोअरचा खर्च काही कमी होत नाही. पँट्रीत वाटपाला मदत करताना मी अनेक देशी कुटुंबे पाहिली आहेत. त्यांपैकी ज्यांचे नीट भागते, ती या सामानासाठी नवे अमेरिकन पदार्थ शिकत बसत नाहीत. आलेली वस्तू आपल्या आमटीत, भाजीत किंवा थालीपिठात कोठे बसेल, एवढेच पाहतात. म्हणून आठवड्याचा बेत पिशवी येण्यापूर्वी ठरवू नये. पँट्रीतील माल देणगीतून आणि सरकारी खरेदीतून येतो, त्यामुळे त्यात कधी कॉर्नचे सहा डबे येतील, तर कधी एकही येणार नाही.

पिशवी घरी आल्यावर आधी नाशिवंत वस्तू बाजूला काढाव्यात. पालेभाजी आणि मऊ पडू लागलेले टोमॅटो पहिल्या दोन दिवसांत संपवावेत. कोबी, गाजर आणि बटाटे थांबू शकतात. जास्तीचा ब्रेड त्याच दिवशी फ्रीझरमध्ये ठेवावा व लागेल तसा काढून कांदा-मोहरीची फोडणी देऊन कुस्करा करावा.

निवड करू देणारी पँट्री असेल, तर डब्यांपेक्षा कोरडी कडधान्ये आवर्जून मागावीत. ब्लॅक-आइड पीज ही आपली चवळी आहे, गार्बान्झो म्हणजे काबुली चणे, आणि तपकिरी लेंटिल्स म्हणजे अख्खा मसूर, ज्याच्या आमटीला कोल्हापुरी मसाला घातला की पाहुणाही काही विचारणार नाही. पिवळे स्प्लिट पीज हरभऱ्याच्या डाळीसारखे दिसत असले तरी ती वाटाण्याची डाळ असते. तुरीच्या डाळीत निम्मी मिसळून तिचे वरण चांगले होते आणि महागडी तूर दुप्पट दिवस पुरते. राजमा मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून कुकरमध्येच शिजवावा. कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, लावू नये, कारण त्यातील नैसर्गिक विषारी द्रव्य नष्ट होण्याइतकी उष्णता तेथे मिळत नाही.

डबाबंद कडधान्यांत मीठ भरपूर असते. डब्यातील पाणी काढून दाणे नळाखाली धुतल्यास त्यातील सोडियम सुमारे 40 टक्क्यांनी कमी होते, म्हणून ते धुवावेत आणि आमटीत मीठ चव पाहून अगदी शेवटी घालावे. उलट पँट्रीतून आलेला अमेरिकन पांढरा तांदूळ धुऊ नये: त्यावर बहुधा लोह आणि जीवनसत्त्वांचा थर दिलेला असतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. आपल्या हातांना ही सवय सोडणे जड जाते, हे मला मान्य आहे.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे पीनट बटर. दाण्याचे कूट जेथे जेथे लागते, तेथे ते चालते. भरल्या वांग्यांच्या मसाल्यात किंवा पालेभाजीच्या रश्श्यात एक मोठा चमचा पुरतो, मात्र त्यात बहुधा साखर असल्यामुळे गूळ वगळावा. ओट्स मिक्सरमधून काढून कणीक, बेसन, कांदा व तिखट घालून थालीपिठे लावावीत. मक्याच्या दाण्यांचे डबे साठले असतील, तर दाणे जाडसर वाटून हिरवी मिरची, जिरे व दूध घालून मक्याचा कीस करावा. कॉर्नमीलचा, म्हणजे मक्याच्या भरड पिठाचा, रव्यासारखा उपमा होतो. फक्त पाणी जरा अधिक लागते आणि गुठळ्या मोडत राहावे लागते. नोव्हेंबरमध्ये लाल भोपळ्याचे डबे सर्वत्र वाटले जातात, त्यांचे घारगे करावेत: भोपळ्याच्या गरात गूळ विरघळवून, त्यात मावेल तेवढीच कणीक घालावी आणि वेगळे पाणी घालू नये. डब्यावर केवळ भोपळा लिहिलेला असावा. ‘पंपकिन पाय मिक्स’ (गोड पायचे तयार मिश्रण) लिहिलेल्या डब्यात साखर आणि दालचिनी आधीच असते.

डब्यावरील बेस्ट बाय ही तारीख चवीची असते, सुरक्षिततेची नव्हे. ती उलटलेला चांगला डबा टाकण्याचे कारण नाही. याला अपवाद बाळाच्या फॉर्म्युल्याचा, म्हणजे तान्ह्या बाळाच्या डब्यातील दुधाचा, तो मुदतीनंतर वापरू नये. फुगलेला, गळणारा किंवा जोडावर चेपलेला डबा मात्र न उघडता टाकावा.

शाकाहारी घराने लेबल वाचणे अपरिहार्य आहे. काही रिफ्राइड बीन्समध्ये (शिजवून कुस्करलेल्या कडधान्याच्या डब्यांत) डुकराची चरबी, भाजीच्या सूपमध्ये कोंबडीचा रस्सा, तर काही दह्यांत जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले जिलेटिन असते. आपले घर शाकाहारी असल्याचे नोंदणीच्या वेळीच सांगावे. पुण्यात वार लावून जेवून शिकलेल्या पिढ्या आपल्यात होऊन गेल्या आहेत, तेव्हा मागण्याचा आणि नाकारण्याचाही संकोच नको.

राहिलेल्या पैशांतून इंडियन स्टोअरमध्ये फक्त कणीक, तूर डाळ, बेसन, गूळ, मोहरी, हळद, गोडा मसाला, मिरच्या आणि कोथिंबीर घ्यावी. तयार पराठे, फरसाण आणि फ्रोझन भाज्या काही महिने बंद ठेवाव्यात. माझ्या पाहण्यात आपल्या घरांचे बिल बहुतेक वेळा त्यांनीच फुगलेले असते. दूध कमी पडत असेल, तर पँट्रीतील दूध पावडर पाण्यात नेहमीपेक्षा थोडी दाट कालवून, कोमट करून, साध्या दह्याचे विरजण लावावे. ताक, कढी आणि मुलांचा दहीभात एवढ्यात निघतो.