गिनीची अंडी: घोळ घरट्यातच होतो, आईपणात नाही

नमस्कार. गिनी कोंबडी घाणेरीच्या झुडपात ३१ अंड्यांवर बसली, सत्ताविसाव्या दिवशी सात पिल्लं घेऊन उठली, मागे दोन डझन अंडी थंड पडली आणि सकाळी ओल्या गवतात पाच पिल्लं मेलेली सापडली, हे तुमचं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे लागोपाठ दोन पावसाळे अगदी हेच झालं. "गिनीला पिल्लं सांभाळता येत नाहीत, उबवणीचं मशीन घ्या" असं तुम्हाला सगळे सांगतील. मला ते पटत नाही. भर पावसात २६ ते २८ दिवस जागा न सोडणाऱ्या पाखराला दोष कसला द्यायचा?

खरी चूक महिनाभर आधीच झालेली असते. एका घरट्यात तीन-चार माद्या अंडी घालतात. त्यातली एक खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली तरी बाकीच्या तिला सरकवून तिथेच घालत राहतात. म्हणजे खाली काही अंडी २७ दिवसांची, काही पंधरा, काही कालची. पहिली पिल्लं वाळून पायावर उभी राहिली की आई एक-दोन दिवसांत त्यांना घेऊन निघते, उरलेल्यांसाठी थांबत नाही. तुमची मागे राहिलेली अंडी वांझ होती असं धरू नका. दोन-चार फोडून बघा, आत लहानमोठी पिल्लं दिसली तर हेच कारण.

पुढच्या वेळी असं करा. घरटं सापडलं की त्यात पाच-सहा अंडी खुणेची म्हणून कायम ठेवायची आणि रोज नवी उचलायची. घरटं पूर्ण रिकामं केलंत तर त्या दुसरी जागा शोधतात. (हाताचा वास लागतो म्हणून पळीने काढा म्हणतात. माझ्या मते वासाचं काही नसतं, तुम्ही काढताना त्यांना दिसता हे खरं कारण.) उचललेली अंडी निमुळतं टोक खाली करून गार, सावलीच्या खोलीत ठेवा, तारीख लिहा, आठवड्याच्या वर साठवू नका. मादी सलग दोन रात्री घरट्यावरच राहिली की ती बसली. दिवसातून एकदा ती दाण्या-पाण्याला उठते, तेवढ्यात खुणेची अंडी काढून साठवलेल्यांतली १८-२० एकदम ठेवायची. प्रत्येक अंड्याला शिसपेन्सिलीने कमरेभोवती पूर्ण रेघ मारा. नुसतं टिंब केलं तर अंडं फिरल्यावर खाली जातं आणि मग प्रत्येक उचलून बघत बसावं लागतं. त्यानंतर रोज ती उठली की बिनरेघेचं दिसेल ते बाहेर. हे एक काम चुकवलंत तर बाकी सगळं वाया.

घरटं हलवू नका. बसलेली गिनी उचलून खुराड्यात नेली की बहुतेक वेळा अंडी सोडते. मुंगसाची, कुत्र्याची भीती असेल तर आठ-दहा दिवस बसू द्या, मग भोवती बारीक जाळी लावा, खालची कड वीतभर जमिनीत पुरा.

गावरान कोंबडी खुडूक असेल तर तिच्याखाली १२ ते १५ गिनीची अंडी बिनधास्त द्या. पण तिची स्वतःची अंडी त्यात मिसळू नका. ती २१ दिवसांत फुटतात, आणि कोंबडी पिल्लं घेऊन उठली की गिनीची राहिली. हीच २१ दिवसांची सवय मशीनवाल्यांनाही नडते. एका उबवणी केंद्राने आमची अंडी कोंबडीच्या हिशेबाने अठराव्या दिवशी फिरवायची बंद केली आणि बाविसाव्या दिवशी "फुटली नाहीत" म्हणून टाकून दिली. आत जिवंत पिल्लं होती. वर दर अंड्यामागे पैसेही घेतले. अंडी द्यायची असतील तर २८ दिवस लेखी कबूल करून घ्या. आणि सातव्या दिवशी दिव्यासमोर धरून, आत पिल्लू दिसत नाही म्हणून वांझ ठरवू देऊ नका. कवच जाड आणि तपकिरी असतं, नीट दिसायला दहावा दिवस उजाडतो.

पंचविसाव्या दिवसापासून रोज दोनदा बघा. कवचावर चांदणीसारखी तडे गेलेली खूण दिसली की पुढचे दोन दिवस तिथून हलू नका. आई निघालीच तर राहिलेलं प्रत्येक अंडं कानाला लावा. आत टोकरण्याचा आवाज किंवा चिवचिवाट ऐकू आला तर लगेच दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली, नाहीतर ३७.५ अंशांच्या मशीनमध्ये ठेवा.

आता उरलेली दोन पिल्लं. गिनीची पिल्लं थंडीने मरत नाहीत इतकी ओलीने मरतात. आई दूरवर चरत जाते, पिल्लं मागे धावतात, पोटाची लव भिजून अंगाला चिकटते आणि ती एका जागी बसतात. म्हणून आज रात्रीच आत घ्या. पहिला आठवडा दिव्याखाली ३५ अंश ऊब, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. पिल्लं दिव्याखाली गोळा होत असतील तर दिवा खाली आणा, लांब पळत असतील तर वर घ्या. खाली गोणपाट अंथरा, वर्तमानपत्रावर पाय फाकतात. पाणी झाकणात द्या आणि त्यात खडे टाका, नाहीतर बुडतात. लेयरच्या (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या) पिल्लांचं खाद्य प्रथिनाला कमी पडतं. ब्रॉयलरचं (मांसाच्या कोंबड्यांचं) प्री-स्टार्टर, म्हणजे अगदी लहान पिल्लांचं खाद्य, द्या, वर उकडलेलं अंडं कुस्करून, वाळवी मिळाली तर उत्तमच. पाच-सहा आठवड्यांनी अंगावर पिसं भरली आणि गवत वाळलं की कळपात सोडा. सोडताना जोडीचा नर जवळ आला तर हाकलू नका, गिनीत नरही पिल्लांवर लक्ष ठेवतो.