बंद पडलेल्या दुपारच्या मालिकांच्या आठवणी काढून अमेरिकेतील लोक एवढे हळवे का होतात?

आपण विचारले आहे की, आपल्या कार्यालयातील दोन अमेरिकन सहकारी बाई जेवणाच्या सुटीत ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ या २०१० साली बंद झालेल्या मालिकेविषयी तासभर बोलत बसल्या आणि बोलता बोलता एकीचे डोळे भरून आले. तेव्हा रटाळ गतीच्या आणि अतर्क्य कथानकाच्या या मालिकांत एवढे जपण्यासारखे काय होते? मी ही मालिका पंचवीस वर्षे पाहिली आहे, त्यामुळे तटस्थ उत्तराची अपेक्षा माझ्याकडून कृपया ठेवू नये. माझे यजमान तिला ‘तुझे चऱ्हाट’ म्हणत असत आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही.

थेट उत्तर द्यायचे तर असे की, या मालिका पुन्हा पाहण्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या, म्हणून त्या आठवाव्या लागतात. रात्रीच्या लोकप्रिय मालिका वर्षानुवर्षे पुनःप्रक्षेपित होतात, त्यांचे संच दुकानात मिळतात, आणि कोणाला शंका आली तर तो भाग लावून खात्री करून घेता येते. दुपारच्या मालिकेचा आजचा भाग आज दाखवला की संपला. ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’चे चोपन्न वर्षांत तेरा हजारांहून अधिक भाग झाले, सुरुवातीची जवळजवळ वीस वर्षे तर ती थेट प्रक्षेपित होत असे आणि त्या काळातील बरेचसे भाग जतनच झालेले नाहीत. एवढा मोठा ऐवज आता राहिला आहे तो पाहणाऱ्यांच्या डोक्यात. आपल्या दोन सहकारी ज्याला उजाळा देत होत्या, ते एका अर्थाने त्या मालिकेचे पुनःप्रक्षेपणच होते.

मी १९८५ च्या हिवाळ्यात लग्न होऊन सिनसिनाटीला आले. परावलंबी व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती, गाडी चालवता येत नव्हती, आणि बाहेर गुडघाभर बर्फ. शेजारी सत्तरीच्या एक बाई राहत असत. एके दिवशी दुपारी त्यांनी मला कॉफीला बोलावले आणि बरोबर ठरल्या वेळी, ‘आता माझ्या स्टोरीज लागतील,’ असे सांगून दूरदर्शन संच सुरू केला. त्या पिढीतील अमेरिकन स्त्रिया या मालिकांना ‘माय स्टोरीज’ असेच म्हणत. ‘सोप ऑपेरा’ हा शब्द त्यांना थोडा कुचेष्टेचा वाटे. तो शब्द मुळात साबणाच्या कंपन्यांमुळे आला, कारण रेडिओच्या काळापासून या मालिकांचे प्रायोजक तेच होते, आणि ही मालिका तर सिनसिनाटीतच मुख्यालय असलेली प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी स्वतः निर्माण करत असे. म्हणजे ज्या कंपनीची पावडर वापरून मी सकाळी कपडे धूत असे, तिचीच कथा दुपारी पाहत असे.

पहिल्या आठवड्यात मला काहीही कळले नाही. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आले की, न कळण्याची फार चिंता करण्याचे कारण नाही, कारण सोमवारी घडलेली गोष्ट मंगळवारी एक पात्र दुसऱ्याला सांगते, बुधवारी दुसरे तिसऱ्याला सांगते आणि शुक्रवारी ती ज्याला कळू नये त्याला कळते. हे पाल्हाळ नव्हते, ती योजना होती. घरकाम करता करता, मुलांना दूध पाजता पाजता, मधले दोन दिवस चुकवून पाहणाऱ्या बाईलाही कथेचा धागा सापडला पाहिजे, या हिशेबाने ते लिहिलेले असे. आमच्याकडे पोथी वाचताना उशिरा येऊन बसलेल्या बायकांसाठी माझी आजी मागील अध्यायाचा सारांश सांगून मगच पुढे जात असे, त्याची मला आठवण होई. माझे बोलीभाषेतील इंग्रजी बरेचसे या उजळणीतूनच सुधारले, आणि त्यामुळे सुरुवातीला माझ्या इंग्रजीत ‘तू हे त्याला कधी सांगणार आहेस?’ या धर्तीची वाक्ये जरा जास्तच होती.

या मालिकेची जनक आयर्ना फिलिप्स. तिने रेडिओवर आणि नंतर दूरचित्रवाणीवर पंधरा पंधरा मिनिटांच्या मालिका लिहिल्या होत्या. २ एप्रिल १९५६ रोजी सीबीएस वाहिनीवर ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ सुरू झाली ती अर्ध्या तासाची, आणि दुपारच्या मालिकेसाठी तेव्हा ही लांबी नवी होती. या वाढीव वेळात फिलिप्सने अधिक घटना कोंबल्या नाहीत. तिने पात्रांना स्वयंपाकघरात बसवून बोलू दिले. इलिनॉय राज्यातील ओकडेल हे काल्पनिक गाव, तेथील ह्यूज कुटुंब, आणि पहिल्या भागातील पहिले वाक्य म्हणजे नॅन्सी ह्यूजने नवऱ्याला म्हटलेले ‘गुड मॉर्निंग, डिअर’. ते म्हणणाऱ्या हेलन वॅग्नर यांनी मधले काही खंड सोडले तर २०१० पर्यंत नॅन्सीचीच भूमिका केली. विल्यम बेल हे फिलिप्सचे शिष्य आणि या मालिकेचे एके काळचे सहलेखक. त्यांनी पुढे पत्नीसह ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ निर्माण केली, जी नव्वदीच्या सुरुवातीला स्टार प्लसवर भारतातही दिसू लागली. त्या सुमारास मी पुण्याला आले असता माझी वहिनी त्या मालिकेतील फॉरेस्टर कुटुंबाविषयी इतक्या अधिकाराने बोलत होती की, मी तिला गुरुघराण्याची माहिती देण्याचा मोह आवरू शकले नाही.

पुन्हा पाहता न येणाऱ्या गोष्टींत एक अपवाद आहे आणि तो आपण अवश्य शोधून पाहावा. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी थेट प्रक्षेपण चालू होते. नॅन्सीच्या घटस्फोट झालेल्या मुलाने, बॉबने, आपली पूर्वीची पत्नी लिसा आणि त्यांचा छोटा मुलगा टॉम यांना थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातील सणाच्या जेवणाला बोलावले आहे, ही बातमी नॅन्सी आजोबांना सांगत होती. तेवढ्यात, पूर्वेकडील घड्याळानुसार दुपारी १:४० वाजता, पडद्यावर वृत्तसूचनेची पाटी आली आणि सीबीएसचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचा आवाज ऐकू आला की, डॅलस येथे अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आहेत. वृत्तकक्षातील कॅमेरा तापून तयार होण्यास वेळ लागे, म्हणून प्रथम केवळ आवाजच आला. स्टुडिओतील कलावंतांना यातील काहीच ठाऊक नव्हते. ते आपला प्रवेश करत राहिले. माझ्या शेजारीण बाई त्या वेळी संचासमोर इस्त्री करत होत्या. केनेडींच्या मृत्यूची आठवण सांगताना त्या नेहमी थँक्सगिव्हिंगच्या त्या निमंत्रणापासून सुरुवात करत, आणि लिसाला बोलावणे बॉबला मुळीच शोभले नाही हे मत नोंदवल्याशिवाय डॅलसकडे वळत नसत.

लिसाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण आपल्या सहकाऱ्यांनी तिचे नाव घेतले नसेल यावर माझा विश्वास बसणार नाही. इलीन फुल्टन यांनी १९६० मध्ये ही भूमिका स्वीकारली आणि भोळ्याभाबड्या सुनेऐवजी कारस्थानी, नटवी आणि तरीही हवीहवीशी वाटणारी लिसा उभी केली. प्रेक्षक तिचा इतका राग करत की, न्यूयॉर्कमध्ये एका अनोळखी बाईने आपल्याला रस्त्यात थप्पड मारली होती, असा किस्सा त्या स्वतः सांगत असत. पुढील काही दशकांत लिसाची इतकी लग्ने झाली की तिचे पूर्ण नाव एका श्वासात म्हणणे हा आमचा खेळ होऊन बसला. अतर्क्यतेचा आपला आक्षेप येथे मात्र मान्य करते: १९६१ मध्ये जन्मलेला तिचा टॉम सत्तरच्या दशकात वकील होऊन न्यायालयात उभा होता. मुले जिना चढून खोलीत जात आणि काही महिन्यांनी तारुण्यात खाली येत. यावर आम्ही हसत असू, पण मोठ्यांच्या बाबतीत ही सवलत नव्हती. डॉन हेस्टिंग्ज यांनी १९६० पासून २०१० पर्यंत, पन्नास वर्षे, डॉक्टर बॉब ह्यूजची भूमिका केली. त्यांचे केस आमच्यासमोर पांढरे झाले, आणि त्यासाठी रंगभूषेची मदत लागली नाही.

माझ्या दृष्टीने मालिकेचा सर्वोत्तम काळ म्हणजे १९८५ ते १९९३, जेव्हा डग्लस मार्लंड मुख्य लेखक होते. मी त्याच वर्षी पाहू लागले ही केवळ नशिबाची गोष्ट. नव्याने आलेल्या मुख्य लेखकाने पहिले सहा महिने एकाही पात्राला काढू नये, असे त्यांचे एक मत होते. जुने अल्बम पाहून मगच सासरच्या माणसांविषयी मत बनवावे, असे माझी आई म्हणत असे, त्यातलाच हा प्रकार. त्यांच्या काळातील लिली वॉल्शची कथा घ्या. धनाढ्य ल्युसिंडाच्या वाड्यात वाढलेली ही मुलगी तबेल्यात काम करणाऱ्या होल्डन स्नायडरच्या प्रेमात पडते, आणि मग तिला कळते की ती दत्तक आहे व तिची जन्मदात्री म्हणजे होल्डनची बहीण आयव्हा. आयव्हा स्वतःही स्नायडरांनी दत्तक घेतलेली होती, म्हणून रक्ताचे नाते नव्हते. परंतु हे सारे उलगडत असताना आम्ही दोघींनी कॉफी कितीदा थंड होऊ दिली याचा हिशेब नाही. त्याच सुमारास ज्युलिअन मूर ही तरुण नटी बॉबची मुलगी फ्रॅनी आणि तिच्यासारखीच दिसणारी सब्रिना अशा दोन्ही भूमिका करत होती आणि १९८८ मध्ये तिला त्यासाठी डेटाइम एमी पुरस्कार मिळाला. चित्रपटांत मोठी झाल्यानंतर, २०१० च्या एप्रिलमध्ये, बॉब आणि किम यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या भागासाठी ती एका दिवसापुरती परत आली. लेक माहेरी यावी तशी ती दारात उभी राहिली, आणि त्या दिवशी मी चक्क शिरा केला.

या मालिकेत सण खऱ्या तारखांच्या आसपास येत, आणि मरणेही कधी कधी खऱ्या मरणांमागून येत. पहिल्या दिवसापासून नॅन्सीच्या नवऱ्याची, ख्रिस ह्यूजची, भूमिका करणारे डॉन मॅक्लॉक्लिन १९८६ मध्ये वारले, आणि काही महिन्यांत ओकडेलमधील ख्रिसही गेला. तो भाग पाहताना शेजारीण बाई एकदाही बोलल्या नाहीत. त्यांचे यजमान त्याच्या आदल्या वर्षी गेले होते, हे मला तेव्हा ठाऊक होते, पण त्याचा अर्थ त्या दुपारी कळला.

१९८९ मध्ये मला नोकरी लागली आणि मी व्हीसीआरवर मालिका ध्वनिचित्रमुद्रित करून रात्री पाहू लागले. त्यासाठी एकच फीत होती. रात्री पाहून झाले की दुसऱ्या दिवशी त्याच फितीवर पुढचा भाग चढे आणि कालचा पुसला जाई. वीस वर्षांनी या गोष्टीचे वाईट वाटेल हे तेव्हा कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

सीबीएसने डिसेंबर २००९ मध्ये मालिका बंद करत असल्याचे जाहीर केले. प्रेक्षकसंख्या अनेक वर्षे घटत होती, दुपारी घरी असणाऱ्या स्त्रियाच कमी झाल्या होत्या, आणि चर्चेचे कार्यक्रम करणे कितीतरी स्वस्त पडत होते. या कारणांत मला अन्यायाचे काही दिसत नाही. मे २०१० मध्ये हेलन वॅग्नर गेल्या, आणि अखेरच्या आठवड्यांत नॅन्सीलाही निरोप देण्यात आला. १७ सप्टेंबर २०१० रोजी शेवटच्या प्रवेशात डॉक्टर बॉब रुग्णालयातील आपली खोली आवरतात, टेबलावर पृथ्वीचा गोल फिरत असतो, आणि ते म्हणतात, ‘गुड नाइट.’ नॅन्सीच्या ‘गुड मॉर्निंग’ला तिच्या मुलाने चोपन्न वर्षांनी दिलेले ते उत्तर होते.

शेजारीण बाई तोवर हयात नव्हत्या. त्या संध्याकाळी त्यांच्या मुलीचा दुसऱ्या राज्यातून मला दूरध्वनी आला. तीही लपूनछपून मालिका पाहत होती, असे निघाले. आम्ही दीड तास बोललो, आणि त्यातली निदान वीस मिनिटे होल्डनची आई एमा स्नायडर हिच्या शेतघरातील स्वयंपाकघरात पडदे कोणत्या रंगाचे होते यावर गेली. तिची आई पिवळे म्हणत असे, असे ती ठामपणे सांगते. मला मात्र ते निळ्या चौकटींचे आठवतात. दरवर्षी थँक्सगिव्हिंगला ती फोन करते, तेव्हा हा विषय निघतोच. आपल्या सहकाऱ्यांना विचारून पाहाल का?